शाखेमागे एक

लंडनच्या बँकवाल्यांचा जीव मार्च 2025 मध्ये भांड्यात पडला. तिथल्या दोन वित्त नियामकांनी सप्टेंबर 2023 मध्ये एक मसुदा काढला होता : बँकांनी आणि विमा कंपन्यांनी आपल्याकडे कोणकोण कामाला आहे ते मोजावं, सांगावं, आणि वैविध्य वाढवायची उद्दिष्टं ठरवावीत. कंपन्यांवर बोजा नको म्हणून तो बासनात गेला. त्याच्या आधी, डिसेंबर 2024 मध्ये, अमेरिकेतल्या एका न्यायालयाने नॅस्डॅक शेअर बाजाराचा संचालक मंडळातल्या वैविध्याचा नियम मोडीत काढला होता. एवढी कोर्टकचेरी कशासाठी, हे आम्हाला कळलं नाही. नियम रद्द करून घेण्याची वेळ त्यांच्यावर येते ज्यांना तो पाळल्यासारखा करता येत नाही.

आमच्याकडे बघा. शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक बाई हवी, असं सेबीने बजावलं आणि 1 एप्रिल 2015 ही तारीख दिली. त्या मार्चमध्ये देशात स्त्रीकर्तृत्वाचा जो शोध लागला त्याला तोड नाही. कुणाला ते स्वतःच्या बायकोत सापडलं, कुणाला आईत, कुणाला सुनेत. ज्यांना वेळेत घरचं कुणी सापडलं नाही त्यांना जूनअखेरपर्यंत दंड होता 50 हजार रुपये. पुढे नियामकाच्या लक्षात आलं असावं. मोठ्या 500 कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून ‘स्वतंत्र’ महिला संचालक सक्तीची झाली. म्हणजे नात्यातली नको.

पण हा मुंबईचा मामला झाला. आपण तेलंगणातल्या इंद्रवेल्लीला जाऊ. आदिलाबादहून उटनूरच्या वाटेवरचं हे गाव. गोंडी, मराठी, तेलुगू, लंबाडी, उर्दू, सगळ्या भाषा एकाच बाजारात कानावर पडतात. वैविध्य इथे पिढ्यानपिढ्या तयार आहे. खोळंबा आहे तो समावेशाचा.

तसा एक समावेशक वित्तपुरवठादार इथे फार आधी येऊन गेला. लंडनचा एखादा तपासनीस जुन्या काळात या भागात आला असता तर त्याने सावकाराला पैकीच्या पैकी गुण दिले असते. कर्ज देताना जात आड नाही, धर्म आड नाही. अर्ज नाही, फोटो नाही, जामीनदार नाही. ‘आज सर्व्हर बंद आहे, उद्या या’ नाही. गिऱ्हाईक गोंडी बोललं तर हाही गोंडी बोलायचा. वसुलीही तितकीच सर्वसमावेशक : आधी कापूस, मग बैल, मग जमीन. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून शेवटी 1970 मध्ये कायदा कडक करावा लागला. या भागात त्याला नुसतं ‘1/70’ म्हणतात.

कायदा झाला म्हणून जाच थांबला नाही. 20 एप्रिल 1981, सोमवार, बाजाराचा दिवस. जमिनीचे पट्टे द्या, सावकार-व्यापाऱ्यांची लूट थांबवा, एवढंच मागणं घेऊन गुड्यांगुड्यांवरून गोंड माणसं इंद्रवेल्लीच्या सभेला निघाली. परवानगी ऐनवेळी काढून घेतली होती. पोलिसांनी गोळ्या घातल्या. सरकारी कागदावर मृत 13 आहेत. मोजणीत कमी पडायची सवय तेव्हापासूनची, कारण लोक जो आकडा सांगतात तो याच्या कितीतरी पट आहे.

आता मात्र मोजणी शास्त्रशुद्ध झाली. 5 एप्रिल 2016 ला ‘स्टँड-अप इंडिया’ योजना आली. देशातल्या प्रत्येक बँक शाखेने किमान एका दलित किंवा आदिवासी माणसाला आणि किमान एका बाईला, नव्या उद्योगासाठी, 10 लाख ते 1 कोटीचं कर्ज द्यायचं होतं. सव्वा लाख शाखा, अडीच लाख कर्जदार. आदिवासी बाई आली तर एकाच अर्जात दोन्ही रकाने भरतात का, असा प्रश्न एखाद्या हुशार मॅनेजरला नक्की पडला असेल. इंद्रवेल्लीचा माणूस कापूस लावतो, ज्वारी पेरतो. पण पीककर्ज यात बसत नव्हतं. उद्योग काढा म्हणायचे. काढलाच तर खर्चाचा निदान दहावा हिस्सा पदरचा घाला.

सात वर्षांनी सरकारनेच हिशेब मांडला. मार्च 2023 पर्यंत कर्जं 1,80,636. त्यात अनुसूचित जमातीच्या रकान्यात 8,960. सव्वा लाखाला भागून बघा : चौदा शाखांमागे एक आदिवासी. बाकीच्या तेरा शाखांनी बहुधा ‘किंवा’ या शब्दाचा आधार घेतला.

भाषेचंही तेच. शाखेतली पाटी नियमाने तीन भाषांत असते : हिंदी, इंग्रजी आणि राज्याची, म्हणजे इथे तेलुगू. नोट मागून बघितली तर पंधरा भाषा आहेत. मराठी आहे, आमची काही तक्रार नाही. संस्कृतही आहे, 2011 च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे 24,821 होते. गोंडी सांगणारे 29 लाखांवर. ती नोटेवर नाही. गोंड माणसाला नोट वाचता येत नसेल तर दोष अर्थातच त्याच्या निरक्षरतेचा.

तरी रिझर्व्ह बँकेचं कौतुक केलं पाहिजे, कारण खरी प्रतिभा तिथे आहे. बँकांनी कर्जांतला 40 टक्के हिस्सा प्राधान्य क्षेत्राला आणि एकूण कर्जांतलाच 12 टक्के दुर्बल घटकांना द्यायचा असतो. कमी पडलं तर? एप्रिल 2016 पासून प्रमाणपत्रं विकत मिळतात. लहान शेतकऱ्याला कर्ज दिलं एका बँकेने. तिच्याकडून दुसरीने प्रमाणपत्र घेतलं की पुण्य दुसरीच्या खात्यात. कर्ज जागेवर, जोखीम जागेवर, शेतकरीही जागेवर. सौदा ज्या संगणक प्रणालीवर होतो तिचं नाव ई-कुबेर. हे आम्ही रचलेलं नाही. पुण्याची मुदत 31 मार्चला संपते.

सध्या अशी चारच प्रकारची प्रमाणपत्रं आहेत : शेती, लहान शेतकरी, सूक्ष्म उद्योग आणि सर्वसाधारण. पाचवं ‘आदिवासी’ काढावं, अशी आमची नम्र सूचना आहे. इंद्रवेल्लीच्या शाखेने आपला एक गोंड कर्जदार वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तेरा शाखांना आळीपाळीने विकावा. तो गावातच राहील, कापूस वेचील, त्याला कळवायचीही गरज नाही. 1 एप्रिलला तोच पुन्हा विक्रीला मोकळा.