पावनं, मागं कोन लागलंय?

भाट्याच्या पुळणीवर पहाटे पळणाऱ्याला एक गैरसमज हमखास होतो, तो म्हणजे आपल्याला पळता येतं. ओहोटीची ओली वाळू सपाट, वारा पाठीशी, आडवं आलं तर फार तर एखादं कुत्रं. मला हा गैरसमज पन्नाशीत झाला, म्हणजे तो उतरायला वेळही थोडाच. त्यात मोबाइलवर आल्प्समधल्या यूटीएमबी शर्यतीच्या चित्रफिती बघायची सवय लागली. माँ ब्लां पर्वताला वळसा घालून सुमारे 170 किलोमीटर, एकूण चढ 10,000 मीटरच्या आसपास. आणि किलियन जोर्नेट नावाचा गृहस्थ 2022 मध्ये ते 20 तासांच्या आत उरकतो. गादीवर पडून पाहिलं की कुठलाही डोंगर मवाळच दिसतो.

आल्प्स परवडणारे नव्हते. खेड तालुका एसटीने परवडतो. तिथे रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड मुख्य सह्याद्रीला समांतर अशा एकाच रांगेवर बसले आहेत. ट्रेकवाले हे त्रिकूट सहसा मुक्काम टाकून करतात, बरोबर वाटाड्या घेऊन. मी हिशेब मांडला. ते चालतात, मी पळणार, म्हणजे वेळ निम्मा. वाटाड्या काही पळणार नाही, म्हणून तो वजा. "दुपारी महिपतगडावर जेवतो, रात्री घरी," असं मी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. डब्यात तिने दोन वेळच्या भाकऱ्या भरल्या.

रसाळगडावर झोलाईला हात जोडले, तोफांशेजारी उभं राहून मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि निघालो. अंगात पोपटी टीशर्ट, पाठीला नळीवाली पाण्याची पिशवी. सुरुवात झकास झाली. गडाच्या पायऱ्या संपेपर्यंत टिकलीसुद्धा.

पुढे रान. रानात वाट नसते, ढोरवाटा असतात. गुरं एकमेकांना विचारून चरायला जात नाहीत, त्यामुळे पावलोपावली फाटा. प्रत्येक फाट्यावर मी ठामपणे चुकीची बाजू निवडली. डोक्याच्या वर गेलेली कारवी दोन्ही हातांनी बाजूला सारताना पाय कुठे पडतात ते दिसत नाही. बरेचदा ते पडतच नव्हते, मी पडत होतो. घसाऱ्यावर तर मला पळण्याचा असा प्रकार साधला की त्यात पायांचा काही संबंधच येत नाही. विजारीचा येतो.

अशाच एका उतारावर मी आधाराला वेल धरला. वेलाला तपकिरी, मखमली शेंगा होत्या. दिसायला फार गोड. खाजकुयली! हिच्या शेंगेवरची बारीक लव कातडीत रुतते आणि आग आग होते. चोळलं की ती आणखी पसरते, हे मला चोळून झाल्यावर आठवलं. त्यानंतर मी जे केलं त्याला शास्त्रोक्त पळणं म्हणणार नाही, पण वेग होता.

त्याच वेगात एका धनगरवाड्यावर पोचलो. अंगणातल्या आजींनी आधी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या रानाकडे नीट पाहिलं.

"काय ओ पावनं, मागं कोन लागलंय?"

"कोणी नाही. पळायला आलोय."

"कुटवर?"

"महिपतगडापर्यंत."

"थितं काय काम हाय?"

"काम नाही. जायचं आणि घरी परतायचं."

आजींनी आत तोंड करून हाक मारली, "आवं, भाईर या. शेरातलं मानूस बिघडलंय."

मग माझे हात दिसले आणि 'पावनं' संपलं. "पानी लावू नगंस, शेन लाव!" मानेला, हातांना, पोपटी टीशर्टच्या आतसुद्धा शेण लागलं. ते वाळू द्यायचं आणि खरवडायचं. वाळेपर्यंत मी उन्हात हात पसरून उभा होतो, आणि वाड्यावरची पोरं समोर बसून होती. त्यांना मी माझी ऊर्जा देणारी महागडी जेल चाखायला दिली. त्यांनी ती थुंकली. शेळीने मात्र पाकिटासकट पसंत केली.

आजोबा कोयता घेऊन वाट दाखवायला निघाले. पायात रबरी चपला, तोंडात विडी. ते पळत नव्हते. मधूनच फांदी छाटत साधे चालत होते. तरी दर वळणावर मला त्यांची पाठच दिसायची. ती दिसेनाशी झाली की ते थांबून हाळी द्यायचे, "पळताय न्हवं?" मी म्हणायचो, "पळतोय, पळतोय."

सुमारगडाच्या कातळावर त्यांनी मला मागून रेटून चढवलं. महिपतगड तर तब्बल 120 एकरांचा, सहा दरवाजांचा. वेशीपाशी सोडून आजोबा माघारी गेले आणि पारेश्वराचं देऊळ सापडेपर्यंत मिट्ट काळोख झाला. दुसऱ्या वेळच्या भाकऱ्या सोडल्या तेव्हा बायकोचा हिशेब पटला.

मग घड्याळ पाहिलं. वेग फारच कमी झाला की ते मोजणं आपोआप थांबवतं. सिग्नलला थांबणाऱ्यांसाठी केलेली सोय. रसाळगडाच्या पायऱ्या संपल्यापासून त्याने मला उभाच धरलं होतं. मध्ये एकदाच ते जागं झालं होतं, खाजकुयली ते धनगरवाडा. दिवसभराची एकूण धाव जेमतेम वीस मिनिटं. सरासरी वेग मात्र माझा आजवरचा सर्वोत्तम.

सकाळी वाडी बेलदारच्या बाजूला उतरताना रेंज आली आणि ही नोंद परस्पर आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर गेली. पहिला निरोप एका मॅरेथॉनवाल्या मित्राचा होता : "झकास! सुट्टीला असंच हलकं पळून यावं आणि दिवसभर घरी लोळावं."