तौलनिक दंतशुभ्रतावादी

वर्धा जिल्ह्याच्या समाजजीवनाविषयी लिहिणाऱ्यांनी सेवाग्राम, पवनार, कापूस आणि सोयाबीन यांना पानेच्या पाने दिली असली, तरी ज्याला 'तौलनिक दंतशुभ्रतावादी' म्हणता येईल अशा एका समाजघटकाची दखल घेण्याचे मात्र राहून गेले आहे. दात पांढरे करण्याच्या यच्चयावत उपायांची अखंड तुलना करणारा आणि त्यांपैकी एकही उपाय तडीस न नेणारा असा हा गृहस्थ असतो. तो हिंगणघाटात आढळतो, आर्वीत आढळतो, आणि पुलगावात तर त्याला शोधावे लागत नाही. वय पंचविशी ते पन्नाशी, आणि ओळखण्याची खूण म्हणजे लग्नातल्या प्रत्येक छायाचित्रात तो ओठ घट्ट मिटून हसत असतो.

त्याच्या व्यासंगाचा आरंभ परंपरेपासून होतो. बाभळीची काडी, मीठ आणि तेल, राखुंडी म्हणजे गोवरी जाळून केलेली काळी पूड, या साऱ्यांची त्याला साद्यंत माहिती असते. आजीच्या हातची राखुंडी त्याने गावंढळ म्हणून नाकारलेली असते, मात्र तोच काळा रंग 'ॲक्टिव्हेटेड चारकोल' हे नाव धारण करून ट्यूबमधून आला की तो त्याला आदराने हाताळतो. दोहोंचे काम वरचे डाग घासून काढण्याचे. आणि घासण्याला मर्यादा अशी की दंतवल्क, म्हणजे दाताचे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण, एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही, आणि त्याखालचा दंतिन नावाचा थर मुळातच पिवळसर असल्यामुळे फार घासणाऱ्याचे दात अखेरीस अधिकच पिवळे दिसू लागतात. लिंबू आणि खाण्याचा सोडा या जोडीतले लिंबू तर आम्लाने तेच आवरण विरघळवते. हे सर्व त्याला ठाऊक असते, एवढेच नव्हे तर लिंबू लावू पाहणाऱ्या मेव्हण्याला तो ते सविस्तर समजावूनही सांगतो. या एका बाबतीत त्याच्या समाजोपयोगाविषयी शंका घेता येत नाही.

व्यासंगाचे दुसरे पर्व सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घडते. तेथे त्याला कळते की दातांवर साचून दगड झालेले कीटण यंत्राने काढणे हे एक, आणि दाताचा रंगच उतरवणे हे दुसरे. हे दुसरे काम हायड्रोजन पेरॉक्साइड करते. ते दंतवल्कातून आत झिरपते आणि रंगद्रव्यांचे रेणू मोडते. घरी वापरायच्या प्रकारात दातांच्या मापाचा पातळ साचा करून त्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचा लगदा भरतात आणि तो रात्री लावून झोपतात. 10 टक्क्यांच्या लगद्यातून सुमारे 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, त्यामुळे काम सावकाश होते आणि त्याला आठवडे लागतात. दवाखान्यातला लगदा कितीतरी तीव्र असल्याने हिरड्या झाकून तो लावावा लागतो. दोन्हींत दात काही दिवस शिवशिवतात, आणि बसवलेल्या कृत्रिम टोपीचा रंग कशानेही बदलत नाही. डॉक्टरांनी 16 छटांची पट्टी पुढे धरली की आपला गृहस्थ बस्त्याच्या साड्या निवडाव्यात तशा तन्मयतेने छटा निवडू लागतो, 'ए-वन' जरा भडक वाटते म्हणतो, आणि विचार करून सांगतो असे सांगून उठतो.

हा विचार पानठेल्यावर होतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेले मिश्रण, विदर्भातील संभाषणाचे ते मूलद्रव्य. राज्याने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली तरी घोटणाऱ्याचा हात काही थांबला नाही. खर्र्याची पन्नी हाती येईपर्यंत साचा बरा की दवाखाना, या विषयावर त्याचे विवेचन चालू असते. ठेलेवाला मध्येच 'भाऊ, चुना कमी टाकू काय?' असे विचारतो, आणि दातांच्या हिताचा विचार करून तो 'हो, कमीच टाक' म्हणतो. त्याच्या वहीतील तक्त्यात 'खर्रा सोडणे' हाही एक पर्याय प्रामाणिकपणे नोंदवलेला असतो. खर्चाच्या रकान्यात शून्य, हिरड्यांच्या त्रासाच्या रकान्यात शून्य, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पुरेशी माहिती उपलब्ध नाही'.

डॉक्टरांना त्याच्या छटेत फारसा रस नसतो, ही त्याची जुनी तक्रार आहे. सुपारीमुळे गालांच्या आतले अस्तर हळूहळू ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ते त्याला स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालायला सांगतात. दोन जातात, तिसरे अडते. तो वही काढतो, छटेच्या रकान्याशेजारी 'अडीच बोटे' अशी नवी नोंद करतो, आणि एवढ्या उघडणाऱ्या तोंडात बसेल असा लहान साचा मिळतो का, व मिळत असल्यास तो स्वस्त पडतो का, याची चौकशी करतो.