लाल चोपडीवाले नाना

खान्देशातल्या प्रत्येक मोठ्या भाऊबंदात एक माणूस असा असतो, की ज्याच्या बोटांना बारा महिने खळीचा वास येतो. जळगावकडे तो बहुधा नाना असतो, धुळ्याकडे आबा किंवा जिभाऊ. आपण त्याला नाना म्हणू. तलाठी, मास्तर, नाहीतर एसटीतला वाहतूक नियंत्रक, अशी कुठली तरी कागदात बुडालेली नोकरी करून तो निवृत्त झालेला असतो. बाकीचे लोक निवृत्तीनंतर शेगावला जातात, गुडघे दाखवायला जातात, मुलाकडे पुण्याला जाऊन कंटाळून परत येतात. नाना ओसरीवर सतरंजी पसरतात आणि घराण्याच्या आठवणी चिकटवायला बसतात.

खळ घरचीच. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर घोटायचा, उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा म्हणजे कसर लागत नाही. त्या पातेल्यावर नानींनी ऑइलपेंटने लाल फुली मारून ठेवली आहे आणि नव्या सुनेला घर दाखवताना देवघराच्या आधी ते पातेलं दाखवतात. फेव्हिकॉल 1959 साली बाजारात आला, पण नानांचा त्याच्यावर अजून विश्वास बसलेला नाही. ‘शंभर वर्षं होऊ दे, मग बघू.’

चिकटवायचं ते अल्बममध्ये नाही. व्यापारी लक्ष्मीपूजनाला पूजतात तसल्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या नाना दर दिवाळीला दाणाबाजारातून आणतात. चोपडी म्हटली की डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे आलंच, म्हणून जन्म डावीकडे चिकटतात आणि मयत उजवीकडे. बारशाच्या कार्डासमोर गंधमुक्तीचं कार्ड, असं पान उघडलं की नवखा माणूस दचकतो. लग्नांची अडचण होती. पूर्वी मुलाचं लग्न जमेला आणि मुलीचं खर्चाला पडायचं. नात कॉलेजात गेल्यावर तिने त्यावर एवढा गहजब केला, की तेव्हापासून सगळी लग्नं ‘येणे-देणे’ या स्वतंत्र सदरात जातात.

त्या सदरात काय नाही? लग्नपत्रिका तर आहेतच, आणि पत्रिकांच्या तळाशी ‘किलबिल’ आहे. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असं म्हणणारे पिंट्या, गुड्डी, बंटी आणि छोटा बंटी. त्यातला छोटा बंटी आता महसूल खात्यात साहेब आहे आणि नाना त्याला भर मांडवात त्याच नावाने हाक मारतात. एसटीची जुनी तिकिटं आहेत, कंडक्टरने ट्रेमधून काढून पंच मारलेली. त्यांच्यावरचे आकडे आजही वाचता येतात. यंत्रातून निघणाऱ्या नव्या तिकिटांची शाई मात्र जळगावच्या 45 अंशांत उडून जाते. त्यामुळे एका पानावर चार कोरे कागद ओळीने चिकटवलेले असून खाली लिहिलंय : ‘जळगाव ते धुळे, व्हाया पारोळा. गर्दी फार.’

कानबाईच्या रोटांची यादीही आहे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मुठींनी गहू मोजतात, म्हणून भाऊबंदात कोण जन्मलं, कोण गेलं, कोण सुरतेला जाऊन फिरकला नाही, याची दर वर्षी आपोआप शिरगणती होते. नानांनी या याद्या वर्षवार लावल्या आहेत. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्ये यजमानांच्या पिढ्यांची नोंद आपल्या चोपड्यांत पिढ्यान् पिढ्या ठेवत आलेत. नाना तिथे गेले की पूजा बाजूला राहते. नाना आणि गुरुजी एकमेकांच्या नोंदी ताडून बघतात. एकदा गुरुजींकडे एक चुलता कमी निघाला. दक्षिणा तेवढ्या प्रमाणात कापली गेली.

नानांचं दैवत म्हणजे इतिहासाचार्य राजवाडे. वाड्यावाड्यांतून दफ्तरं धुंडाळून राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले, पहिला 1898 चा. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले आणि पुढच्या वर्षी तिथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. नाना धुळ्याला कुणाच्याही मयतीला गेले तरी येताना मंडळात डोकावून येतात. त्यांच्या स्वतःच्या चोपड्या आजघडीला 19 झाल्या आहेत. आणखी तीन झाल्या की बरोबरी, या हिशेबाने ते कामाला लागलेत आणि घरचे लोक धास्तावलेत. ‘पण राजवाड्यांनी इतिहासाचे कागद जमवले,’ असं कुणी म्हटलंच, तर उत्तर तयार असतं : ‘पेशव्यांच्या दफ्तरात काय निघालं? हिशेबच ना? मग माझ्या कापसाच्या पट्टीने काय पाप केलंय?’

जरा पाय मोकळे करून या, असं नानी म्हणाल्या की नाना चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव घेतात. त्या माणसाने उभं आयुष्य जवळजवळ घरात बसून काढलं आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंचे फोटो काढून देशोदेशीची बक्षिसं मिळवली. ‘त्यांना कुणी भाजी आणायला पाठवलं नाही,’ हे नाना हळू आवाजात म्हणतात.

आणि खूपच रंगात आले तर ते खान्देशाचा सिद्धांत सांगतात. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते, साने गुरुजी उतरवून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी गाणी वहीत टिपली, म्हणून त्यांच्या पश्चात 1952 साली पुस्तक निघालं. ‘बोलणारे ढीगभर असतात रे, उतरवून घेणारा एखादाच.’ हे वाक्यही नानांनी तारीख घालून चोपडीत उतरवून ठेवलं आहे.

चोपड्या उघड्या फडताळात असतात. आहेराच्या वह्या मात्र कुलुपात.

घरात कुणाचं लग्नाचं आवतण आलं की कुलूप निघतं. समोरच्याने आपल्या मांडवात काय घातलं होतं हे पाहिल्याशिवाय टॉवेल-टोपीवर भागवायचं की पूर्ण पोशाख करायचा, हे ठरत नाही. मग घरातली सगळी मंडळी गोळा होतात आणि नाना चष्मा पुसून वाचतात : ‘सन 1974. मामा, एरंडोलकर. रोख रुपये 5. स्टीलचा डबा एक, झाकण बसत नाही.’ आता त्या मामांच्या नातवाचं लग्न. पाच रुपयांची परतफेड पाच रुपयांनी करता येत नाही, एवढी माणुसकी नानांकडे आहे. पण किती करायची? जळगावात राहणाऱ्या माणसाला यासाठी सोन्याखेरीज दुसरं माप सुचत नाही. त्या साली सोनं दहा ग्रॅमला पाचशेच्या आसपास होतं, म्हणजे मामांनी त्याचा शंभरावा हिस्सा घातला. आजच्या भावाने तो हजाराच्या पुढे जातो.

‘मामांच्या नातवाला अकराशे एक,’ नाना निकाल देतात.

‘आणि डबा?’ नानी.

‘डब्याचे शंभर धरले असते. झाकणाचे वजा केले.’

या वह्यांमुळे घराण्यात दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि एका घराशी तुटलेलं नातं जुळलं. ज्यांनी आहेर केला नाही असं सगळे चाळीस वर्षं समजत होते, त्यांनी तो केला होता. तो दुसऱ्याच कुणी परस्पर मुलाच्या दप्तरात टाकला होता. नोंद होती : ‘पाकीट उशिरा सापडले.’ फक्त ती वाचायची कुणाला गरज वाटली नव्हती.

लपवायचं काही नाही, हे नानांचं धोरण. त्यामुळे घराण्यातल्या एका मोडलेल्या साखरपुड्याचा फोटो जागच्या जागी आहे. ज्यांचा साखरपुडा मोडला त्या आत्यांनी तो काढायला सांगितला, पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्या फुवांनीही सांगितला. शेवटी तडजोड झाली. जुन्या अल्बमात काळ्या पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटरपेपर असायचा, त्याचा तुकडा पडद्यासारखा त्या फोटोवर डकवला. आता कुणीही चोपडी हातात घेतली की आधी तो पडदा उचलतं.

मध्यंतरी पुण्याहून पुतणी आली. तिलाही हाच छंद, पण तिच्याकडे त्याला स्क्रॅपबुक म्हणतात आणि त्याचा वर्ग लागतो. तिने पेटी उघडली : नागमोडी कात्री, फुलाफुलांची चिकटपट्टी, आणि नवा कागद जुना दिसावा म्हणून लावायची तपकिरी शाई. नाना त्या शाईच्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिले. जुना दिसणारा कागद त्यांच्याकडे ओसरीभर होता आणि तो नवा कसा ठेवावा या काळजीने त्यांचे केस गेले होते. तिने सांगितलं, अमेरिकेत मार्क ट्वेनने 1873 साली आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. नुसतं ओलं करायचं आणि चिकटवायचं. एवढ्या मोठ्या लेखकाचं एक पुस्तक कोरं होतं आणि ते चांगलं खपलं, याचा नानांना अतोनात आनंद झाला.

पण पुढे पोरीने त्यांना गप्प केलं. स्वस्त कागदात आम्ल असतं, म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडतं आणि शेजारच्या फोटोलाही डाग लावतं. सेलोटेप वाळून गळून पडते आणि तिचा तपकिरी पट्टा मागे राहतो. त्या ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो तर आता निघतच नाहीत. नानांनी आठव्या चोपडीतला स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून पाहिला. नानींच्या बरोबर कपाळावरून सेलोटेपचा पट्टा गेला होता. पुतणीने जाताना आम्लविरहित कागदाचे पाच ताव दिले. नानांनी ते कपाटातल्या तिजोरीत ठेवले आहेत. इतक्या चांगल्या कागदावर खळ लावायचा त्यांचा धीर होत नाही.

घरात नानांच्या उद्योगाला रद्दी म्हणण्याची पद्धत होती. ती एका जूनमध्ये बंद पडली. धाकट्या भावाच्या नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा हवा होता. पणजोबांच्या शाळेत चौकशी केली तर त्या सालचं रजिस्टर वाळवीने पूर्ण केलेलं. मग एकाच संध्याकाळी नानांना तीन फोन आले. तिन्ही फोनवर आवाज मऊ होता. नानांनी चौथी चोपडी काढली, थुंकी लावून पानं उलटली. 1938 चा शाळा सोडल्याचा दाखला, शिक्क्यासकट, कोपरासुद्धा न झडता. अडचण एकच होती, तो पानापासून निघेना. कसर लागू नये म्हणून घातलेला मोरचूद आणि सुटू नये म्हणून लावलेली खळ, दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं.

कार्यालयाला मूळ कागद बघायचा होता. म्हणून अख्खी चोपडी कापडी पिशवीत घालून नाना स्वतः गेले. तिथल्या बाबूने दाखला तपासला, मान डोलावली आणि सवयीने पान उलटलं. पुढे 1958 चा लग्नातला ग्रुप फोटो होता. प्रत्येक घरच्या ग्रुप फोटोत असा एक माणूस असतो, की जो कुणालाच ओळखू येत नाही. या फोटोत तो उजव्या कोपऱ्यात टोपी घालून उभा आहे. नानांनी हा फोटो घेऊन शिंदखेड्यापासून यावलपर्यंत म्हाताऱ्या माणसांचे उंबरे झिजवले होते. धुळ्याकडच्या सगळ्यात थोरल्या काकूंपुढे त्यांनी तो धरला आणि विचारलं, ‘हाऊ कोन शे?’ त्या म्हणाल्या, ‘माले काय म्हाईत? तुना बापले इचार.’ बाप जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. तर फोटोखाली लिहिलेलं होतं : ‘टोपीवाला. चौकशी चालू.’

बाबू फोटोवर वाकला. ‘अहो, हे तर आमचे आजोबा!’

नानांनी चोपडी अलगद स्वतःकडे ओढून घेतली. ‘1967 च्या आधीचा काही पुरावा आहे?’

बाबूकडे पुरावा नव्हता. नातवाला प्रमाणपत्र मिळालं, प्रवेशही झाला. टोपीवाल्याखालची नोंद जशीच्या तशी आहे. नाना ऐकीव माहितीवर नोंद फिरवत नाहीत. बाबू आता दर दिवाळीला फराळ घेऊन येतो आणि दर वेळी एखादा जुना कागद दाखवतो. नाना तो वाचतात, परत करतात आणि ‘बघू’ म्हणतात.

तेव्हा, तुमच्याकडच्या फोटोतला टोपीवाला कोण हे सांगणारं माणूस अजून घरात असेल, तर येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरवाशिणी जमल्या की त्याच्यासमोर फोटो मांडा आणि नाव, गाव, साल मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. बॉलपेन वापरू नका. ते पुढे उमटतं आणि नाना रागावतात.