नॅरोगेज नाणी, ब्रॉडगेज डबे

नागभीडच्या माणसाला मापाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. गोंदिया-चांदाफोर्टची लाइन ब्रॉडगेज झाली तरी आमची नागपूरची गाडी २०१९पर्यंत नॅरोगेजच राहिली. एकाच जंक्शनात इकडच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर आणि तिकडच्या दोघांत ७६२. नागपूरहून आलेल्याला चांद्याला जायचं तर पिशव्या, पोट्टे, तांदळाचं पोतं घेऊन उतरावंच लागे. डबा काही त्या रुळांवर चढत नसे.

नाणी जमवायला निघालेल्या नवशिक्याने एवढं जरी लक्षात ठेवलं तरी त्याचे निम्मे पैसे वाचतील. माझे वाचले नाहीत, म्हणून हे मार्गदर्शन.

पायरी पहिली: होल्डर विकत घ्या. ही पायरी चुकीची आहे, पण सगळे हीच आधी करतात. मीही केली. दोन इंची चौकोनी पुठ्ठा, मधे पारदर्शक खिडकी, पुठ्ठा दुमडून कडेने स्टेपलर मारायचा, असा तो प्रकार. खिडकी किती मिलिमीटरची हवी, असं दुकानदाराने विचारलं. मी खिशातला एक रुपया काउंटरवर ठेवून म्हणालो, "याच्या मापाच्या शंभर द्या." तो रुपया निघाला २०११च्या मालिकेतला, २२ मिलिमीटरचा. घरच्या डब्यातले रुपये होते १९९२नंतरचे, २५ मिलिमीटरचे. एकही बसेना.

यातली गंमत पुढे कळली. १९८८पासूनची स्टीलची अठन्नी २२ मिलिमीटरची आणि ३.७९ ग्रॅमची, २०११चा रुपया नेमका तेवढाच. २०११चे दोन रुपये म्हणजे मापाने आणि वजनाने जुना रुपया. महागाईवर अर्थशास्त्रज्ञ जाड जाड पुस्तकं लिहितात, टाकसाळीने तेच स्टीलमध्ये पाडून दाखवलं. तेव्हा 'रुपयाचं होल्डर' अशी वस्तू जगात नसते. वर्ष सांगा, नाहीतर मिलिमीटर सांगा.

पायरी दुसरी, म्हणजे खरी पहिली: मोजा. अकरावीच्या प्रॅक्टिकलला ज्याने रडवलं तो व्हर्निअर कॅलिपर इथे कामी येतो. पण प्लास्टिकचा घ्या. लोखंडी जबड्यात नाणं धरून सरकवलं की कडेवर ओरखडा पडतो आणि तो मोजायला दुसरं उपकरण लागतं. कॅलिपर नसेल तर फूटपट्टीच्या कडेला दोन काड्यापेट्या उभ्या करा, मधे नाणं अलगद दाबून धरा आणि पेट्यांमधलं अंतर वाचा. नाणं कडेलाच धरायचं. चेहऱ्यावर अंगठा टेकवाल तर राजाच्या गालावर तुमची सही कायमची राहील.

मी अशा पेट्या मांडून बसलो होतो तेव्हा आई म्हणाली, "कायले मोजतेस रे? मोजल्यानं का वाढते?" वाढत नाही. उलट, नाणी गोल असतात हा लहानपणीचा विश्वास कमी होतो.

भोकाचा पैसा घ्या, १९४३ ते ४७चा. साधारण २१ मिलिमीटर, निमूटपणे गोल; भोकाचं माप घ्यायची गरज नाही. ब्रिटिशांच्या काळातली, १९१८पासूनची दोन आण्याची नाणी चौकोनी. बाजू मोजाल तर फसाल, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा. पाकळ्यांचा आणा असेल तर फुगवट्यापासून समोरच्या फुगवट्यापर्यंत. खरा खोडकर म्हणजे १९९२नंतरचा दोन रुपयांचा. त्याला अकरा बाजू. अकरा हा विषम आकडा, त्यामुळे कोपऱ्यासमोर कोपरा येतच नाही, सपाट बाजू येते. नाणं फिरवत राहा, सगळ्यात मोठं माप धरा आणि त्यावर अर्धा मिलिमीटर वाढवा, कारण इथे कॅलिपर जरा कमीच सांगतो.

शिवराई हाती आली तर मात्र कॅलिपर बाजूला ठेवून आधी हात जोडा. हाताने ठोकलेलं तांबं ते. एकीची लांबी दुसरीला नाही आणि जाडी तर एखाद्या गुंडीसारखी. पुठ्ठ्याची खिडकी तिच्यावर ताणून फाटते. तिला कडक प्लास्टिकची खोल डबी, म्हणजे कॅप्सूलच हवी. जुन्या नऊ ग्रॅमच्या पाच रुपयांचंही तेच: व्यास फक्त २३, पण अंग भरलेलं.

(शेतात नांगराला नाण्यांचा हंडा लागला तर होल्डर शोधू नका, कलेक्टर शोधा. १८७८च्या कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन कळवावं लागतं. दहा रुपये! त्या काळात ती रक्कम होती.)

आता निवड. पुठ्ठ्याची खिडकी नाण्यापेक्षा दोन-अडीच मिलिमीटर मोठी चालते: २५च्या नाण्याला २७.५ची. कॅप्सूल मात्र अंगाबरोबर हवी. सैल झाली की नाणं आत खुळखुळतं आणि कडा झिजतात. स्टेपलरच्या पिना पकडीने चेपून सपाट करा, नाहीतर अल्बममधलं शेजारचं नाणं ओरबाडलं जातं. मऊ, लवचीक, नव्या पावसाळी चपलेसारखा वास येणारं प्लास्टिक घेऊ नका. ते पीव्हीसी असतं. आमच्याकडे जूनपासून धानाच्या बांध्यांत पाणी उभं असतं आणि घरात मीठसुद्धा ओलं होतं. अशा हवेत त्या प्लास्टिकमधून आम्ल सुटतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर बसतो. माझे चार पैसे असे हिरवे झाले. मग मी ते चिंच लावून घासले. ही पायरी कुणीही करू नये.

सगळं मोजून झाल्यावर डब्याच्या तळाशी एक उरला. अॅल्युमिनियमचा, पाकळ्यांचा दहा पैसा. रुळावर ठेवला की पैशाचा लोहचुंबक होतो, अशी आमच्या वर्गाची खात्री होती. घरच्यांना चोरून मी तो नॅरोगेजच्या रुळावर ठेवला आणि गाडी गेल्यावर गिट्टीत शोधून काढला. त्याला एक टाचणीही चिकटली नाही. अॅल्युमिनियमला कशी चिकटणार? आज मोजला तर एकीकडून ४१, दुसरीकडून ३३, आणि पाकळ्या नावालासुद्धा नाहीत. माझ्याकडची सगळ्यात मोठी खिडकी ३९.५ची. शेवटी कागदाच्या पाकिटात ठेवला. पाकिटावर वर्ष लिहायचं असतं, पण ते चाकाखाली पुसलं गेलंय. म्हणून लिहिलं: नागपूर-नागभीड, सकाळची.