मालक कोण, हे विचारू नये

जमीन किंवा घर कुणाचे आहे हे सरकारदप्तरी शोधायला निघालेल्या माणसाला (यापुढे त्याला अर्जदार म्हणू, कारण सरकारी कार्यालयात त्याला दुसरी ओळख नसते) पहिली सूचना अशी की ‘मालक कोण?’ हा प्रश्न त्याने घरीच ठेवून यावा. प्रश्नात चूक काही नाही. तो विचारायची खिडकी तेवढी महाराष्ट्रात कुठे उघडलेली नाही. तलाठी कार्यालय, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, महापालिकेचा करआकारणी विभाग आणि ग्रामपंचायत अशा पाच ठिकाणी पाच तऱ्हेच्या नोंदी मिळतात आणि त्यांतली एकही मालकीची हमी देत नाही. दुय्यम निबंधकही दस्त नोंदवतो तो मुद्रांक शुल्क भरले आहे आणि सही करणारा माणूस समोर हजर आहे एवढे पाहून; विकणाऱ्याकडे विकण्यासारखे काही होते का, हा त्याचा विषय नव्हे. या सगळ्या दप्तराला मुळात एकच प्रश्न पडलेला आहे: पैसे मागायचे कुणाकडे? अर्जदाराने हा प्रश्न आपलासा केला की एरवी वेडगळ वाटणारे रकाने चांगले शहाण्यासारखे बोलू लागतात.

याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून मोजणी आणि प्रतबंदीचा जो घाट घातला, तो सारा नीट ठरावा आणि नीट वसूल व्हावा म्हणून. हद्दीचे दगड रोवले गेले, टिपणे काढली गेली, जमिनीचा कस आण्यांत मोजला गेला आणि प्रत्येक सर्व्हे नंबरवर आकार बसला. सारा कुणाच्या खात्यावर मांडायचा याची वही अर्थातच पहिल्या दिवसापासून होती. जमिनीत कुणाचे काय हक्क आहेत, याची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा कायदा मात्र मुंबई इलाख्यात आला तो १९०३ साली. वसुलीची घाई आणि हक्काची फुरसत यांत जवळपास सत्तर वर्षांचे अंतर आहे, आणि आजचा सातबारा याच वंशातला आहे. त्यावर ‘आकार’ हा रकाना आजही दिमाखात उभा असतो आणि त्यात बहुधा काही रुपये आणि काही पैसे लिहिलेले असतात. कोट्यवधींच्या जमिनीवर सव्वातीन रुपये पाहून अर्जदाराने हसू नये. त्या सव्वातीन रुपयांसाठीच हा कागद जन्माला आला. कोट्यवधींचे मागाहून झाले.

आता प्रत्यक्ष वाचन. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका कागदावर: वर हक्क, खाली पीक. वरच्या भागात ज्याचे नाव असते त्याला दप्तर ‘भोगवटादार’ म्हणते, म्हणजे जमीन जो भोगतो आणि सारा भरतो तो. तो वर्ग एकचा असेल तर जमीन विकायला सहसा परवानगी लागत नाही. वर्ग दोनचा असेल तर लागते, आणि ही बाब विक्रेत्याला ऐन साठेखताच्या वेळी हटकून आठवत नाही. नाव कंसात असेल तर ते रद्द झाले असे समजावे. नावापुढचे आकडे फेरफारांचे. कंसातले नाव कंसात का गेले आणि नवे नाव कुठून आले, याचा खुलासा गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. म्हणून जो अर्जदार नुसता सातबारा पाहून परततो त्याने निकाल वाचला, खटला वाचलाच नाही. प्रत्येक फेरफाराची प्रत काढावी आणि सापडेल तितके मागे जावे. अक्षर लागत नसेल तर गावातला जुना जाणकार गाठावा. मोडी असेल तर तो जाणकारही आणखी जुना लागेल.

‘इतर हक्क’ हा रकाना मात्र सावकाश वाचावा, कारण खरा मजकूर तिथे दडलेला असतो. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा तिथे, कुळाचे नाव तिथे, सामाईक विहिरीतला हिस्सा तिथे. आणि बहिणी तिथे. वडील गेल्यावर भावांची नावे भोगवटादार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्कात’, अशी वहिवाट कितीतरी गावांतल्या कितीतरी उताऱ्यांवर दिसते. भाऊ जमीन कसणार, सारा भरणार, म्हणून पैसे मागायला भावाचे नाव पुरे, असा तो हिशेब. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण रकाना बदलण्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो, आणि ज्याचे नाव वरच्या रकान्यात आधीच आहे तो तशी तसदी घेत नाही. जमीन घेणाऱ्याने इतर हक्कातल्या प्रत्येक बहिणीची संमती पाहावी. भाऊ ‘ती काही म्हणणार नाही’ असे सांगेल. हे वाक्य दिवाणी न्यायालयांच्या पुष्कळ दाव्यांच्या मुळाशी असावे.

यावर कायदा जाणणारा वाचक हरकत घेईल, आणि ती हलकी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद आणि प्रमाणित फेरफार, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीररीत्या नवी नोंद येईपर्यंत, खरे मानावेत. मग या कागदाला हक्काचा पुरावा नाही कसे म्हणता? म्हणत नाही, पुरावा आहेच. पण ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या अटीवर कुणी आपली जन्माची पुंजी लावू नये. फेरफाराने हक्क निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, महसुली नोंद ही महसुलापुरती, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. शिवाय नोंद खरी मानण्यातही दप्तराची गैरसोय होत नाही, कारण साऱ्याच्या दृष्टीने मेलेला माणूसही पुरेसा खरा असतो. आजोबा वारले, वडील वारले, नातू जमीन कसतो, आणि उताऱ्यावर अजून पणजोबा नांदतात, अशी प्रकरणे इतकी साचली की २०२५ मध्ये सरकारला मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी खास मोहीम काढावी लागली. तिचे नाव ‘जिवंत सातबारा’. विडंबनकाराचे काम सरकारने असे परस्पर उरकले की मार्गदर्शकाला फारसे काही उरत नाही.

शहरातल्या अर्जदाराला वाटत असेल की हे सगळे शेतीवाल्यांचे दुखणे आहे. त्याने आपल्या सोसायटीची मिळकत पत्रिका काढून पाहावी. सदनिकाधारक वर्षानुवर्षे घरपट्टी भरतो, इमारतीला रंग देतो, लिफ्टवरून भांडतो. आणि पत्रिकेवर धारक म्हणून मूळ जमीनमालक तरी असतो, नाहीतर बिल्डर. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देण्याचे बंधन घातले. ते इतक्या सर्रास पाळले गेले नाही की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने केले नाही तरी केले असे मानून घेण्याची तरतूद करावी लागली. खेड्यात थोडा वेगळा गोंधळ आहे. तलाठ्याकडचा गाव नमुना आठ-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा, आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घराच्या कर आकारणीचा. आकडा एकच, म्हणून एकाच्या जागी दुसरा नेऊन परत पाठवले गेलेले अर्जदार कमी नसावेत. गावठाणातली घरे ड्रोनने मोजून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० पासून सुरू आहे. तोवर नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीची पावती यांनाच लोक मालकीचा कागद समजत आले.

तर घरपट्टी. बहुतेक महापालिकांत ती वार्षिक भाडेमूल्यावर बसते, म्हणजे घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती मिळाले असते या कल्पनेवर. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा होतात आणि उरते ते करपात्र मूल्य. भाडेकरू काल्पनिक, भाडे काल्पनिक, बिल तेवढे खरे. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली, आणि २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ केला. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर चाळीस टक्के सवलत. ती १९७० पासून होती, मध्ये थांबली, २०२३ मध्ये परत आली, आणि ती मिळवायला पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण आपल्याच घरात राहतो हे कागदपत्रांनिशी दाखवावे लागते. बिलाच्या तपशिलात सर्वसाधारण कराखेरीज वृक्षकर, अग्निशमन कर, शिक्षण कर अशी मंडळी असतात, आणि दुकान किंवा कार्यालय असल्यास रोजगार हमी करही. झाड दारात नसले तरी वृक्षकर लागतो. त्याबद्दल वाद घालू नये. आकारणी चुकली असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी, कारण मुदत उलटल्यावर चूक पक्की होते आणि थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढू लागते.

या मार्गदर्शनातला सर्वांत बळकट पुरावा मात्र बेकायदा बांधकामाचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६७-अ म्हणते की बेकायदा इमारतीवर, ती बेकायदा आहे तोवर, शास्ती घ्यावी. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शास्तीकर वर्षानुवर्षे निवडणुकीचा विषय होऊन बसला होता. आता करावर शास्तीही भरणाऱ्याला वाटणारच की आपले घर निदान मान्य तरी झाले. त्याचीही सोय कायद्याने करून ठेवली आहे: ही रक्कम घेतली म्हणजे बांधकाम नियमित झाले असे समजू नये. कर देणारा आणि हक्क असणारा या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत, हे याहून स्वच्छ शब्दांत कुठल्याही सरकारने सांगितले नसेल.

हे सगळे आता ऑनलाइन झाले आहे, ही शेवटची हरकत. झाले आहे, आणि त्याचे कौतुक करायलाच हवे. महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो, पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो, ‘आपली चावडी’वर फेरफाराच्या नोटिसा घरबसल्या वाचता येतात, आणि त्या अधूनमधून वाचाव्यातही, कारण आपल्या गटावर कुणी नोंद धरली तर हरकतीचे दिवस मोजकेच असतात. पण फुकटचा उतारा स्वतःच सांगतो की तो केवळ माहितीसाठी आहे, आणि पंधरा रुपयांच्या स्वाक्षरीची ग्वाही एवढीच की पडद्यावरची नोंद दप्तरातल्या नोंदीशी जुळते. दप्तरातली नोंद शेताशी जुळते का, हे पाहायला मोजणीचा अर्ज करावा लागतो. ती विकणाऱ्याच्या हक्काशी जुळते का, हे पाहायला वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल लागतो. दोन्हीचे पैसे अर्जदाराकडे. सरकारने मालकीची हमी दिली तर ती चुकल्यावर भरपाई सरकारला द्यावी लागेल. न दिली तर चूक घेणाऱ्याची. कुठलाही विचारी कारभारी दुसरी व्यवस्थाच पसंत करील, आणि आजवरच्या अनेक सरकारांनी ती इमानाने सांभाळली आहे.

कर भरताना एक बारकावा. ऑनलाइन भरणा करायला मिळकत क्रमांक पुरतो; भरणारा कोण, याची संगणक विचारपूस करीत नाही. अर्जदाराने मनात आणले तर तो शेजाऱ्याची किंवा गेलेल्या काकांची घरपट्टी आजच भरू शकेल, आणि वाटल्यास दर वर्षी भरत राहील. पैसे लगेच जमा होतील. पावती नोंदीवरच्या नावाने निघेल.