धैवताची अंदाजे जुळणी

पाश्चात्त्य स्वरलिपी, म्हणजे पाच आडव्या रेघा आणि त्यांच्यावर वा त्यांच्या मधल्या जागांत बसवलेले काळे-पांढरे ठिपके, ही स्वर किती उंच आहे ते सांगते. माउथ ऑर्गनची अंकलिपी, जिला वाजवणारे नुसते ‘टॅब’ म्हणतात, ती मात्र स्वराचे नावही घेत नाही आणि कितव्या भोकात फुंकायचे व कितव्यातून ओढायचे एवढेच सांगून मोकळी होते. चौथ्या भोकात फुंकायचे असेल तर 4, त्याच भोकातून श्वास आत ओढायचा असेल तर -4. पहिल्या लिपीचे दुसरीत रूपांतर करणे ज्याला सराव करायचा आहे त्याला काही महिन्यांत तोंडी जमू लागते. ज्याला सराव करायचा नाही त्याला एक्सेल लागते, आणि प्रस्तुत तक्त्याचा कर्ता (यापुढे ‘तक्ताकार’) हा या दुसऱ्या पंथाचा अध्वर्यू होय.

तक्त्याची मूळ कल्पना साधी आहे. संगणकी संगीतात प्रत्येक अर्धस्वराला एक क्रमांक असतो, त्यास मिडी क्रमांक म्हणतात. पियानोच्या मधल्या ‘सी’ला 60, त्याच्या शेजारच्या काळ्या पट्टीला 61, आणि असेच पुढे. एका कॉलममध्ये हे क्रमांक, शेजारच्या कॉलममध्ये भोके, आणि छापील गाणे वेगळ्या पट्टीत असल्यास सगळे क्रमांक एकदम वर-खाली करणारा ‘सरकवा’ नावाचा एक सेल, एवढ्यावर काम भागते. त्या सेलला हळदी रंग द्यावा की आमसुली, या प्रश्नात तक्ताकाराचा एक अख्खा रविवार गेला, आणि फाइलीचे नाव ‘स्वरसेतू अंतिम खरेच अंतिम 7’ असे आहे, यावरून संशोधनाची खोली लक्षात यावी. वादनाचा सराव या काळात झाला नाही. साधने सिद्ध झाल्याशिवाय साधना सुरू करणे तक्ताकारास अशास्त्रीय वाटते.

एक्सेलचे स्वतःचेही काही सांगीतिक विचार आहेत. चौथे भोक आणि मग पाचवे, अशा अर्थाने 4-5 असे लिहिले की ते त्याची 4 मे ही तारीख करते. दोन्ही भोके ओढायची म्हणून -4-5 लिहिले की वजाबाकी करून -9 असे उत्तर देते, आणि यातली खरी मेख अशी की नववे भोक बाजात असते, ते ओढताही येते, त्यामुळे चूक ऐकू येईपर्यंत कळत नाही.

दहा भोकांच्या माउथ ऑर्गनची स्वररचना ‘रिश्टर’ पद्धतीची असते. तीत चौथ्या भोकापासून सातव्यापर्यंतचे सप्तक पूर्ण असते, पण त्याच्या खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत नसतात. ते विसरलेले नाहीत, वगळलेले आहेत: खालची भोके एकत्र फुंकली की सा-ग-प आणि एकत्र ओढली की प-नि-रे असे स्वरांचे गुच्छ वाजावेत, म्हणजे एकट्या वादकाला स्वतःचीच साथ मिळावी, या व्यवस्थेत म आणि ध यांना जागा उरली नाही आणि पंचमाला मात्र दुसरे भोक ओढून व तिसरे फुंकून अशी दोन घरे मिळाली. पुण्यातील वाचकांना या वाटपाचे आश्चर्य वाटू नये.

येथे थोडे थांबणे भाग आहे. सा, रे, ग, प, नि: मध्यम नाही, धैवत नाही, हा तर हंसध्वनी! कर्नाटक संगीतात रामस्वामी दीक्षितरांनी निर्माण केलेला आणि जो हिंदुस्थानी मैफलीत रुजवण्याचे श्रेय भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांना दिले जाते असा राग, जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी 1857 पासून बाजे बनवणाऱ्या होनर कंपनीच्या मालात, पहिल्या चार भोकांत, आयता भरलेला असावा, या शोधाने तक्ताकार इतका भारावला की त्याने ‘रिश्टर आणि हंसध्वनी’ या नियोजित ग्रंथाची अर्पणपत्रिका लिहून ठेवली. एका मुंजीच्या पंगतीत शेजारच्या व्याह्यांना त्याने हा सिद्धान्त आरोह-अवरोहासह समजावून दिला असता त्यांनी वाढप्याकडे मठ्ठा मागितला. स्वतः तक्ताकाराने हंसध्वनी वाजवला तेव्हा एका भोकाऐवजी दोन-दोन भोके एकदम वाजून भलताच राग निष्पन्न झाला, पण सिद्धान्ताला त्याने बाध येत नाही. राहुल देव बर्मन यांनी ‘दोस्ती’साठी (1964) माउथ ऑर्गन वाजवला तेव्हा संगणकावर कोष्टके करण्याची सोयच नव्हती, व्हिसिकॅल्क 1979 साली आले, अन्यथा तेही तक्त्यातच गुंतून पडले असते, अशी तक्ताकार स्वतःची समजूत घालतो.

तक्त्याची पहिली खरी परीक्षा ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश चालीवर झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी, ‘अंतिम पग’च्या वेळी, बँड हीच चाल वाजवतो, तक्ताकाराच्या वडिलांनी, ज्यांना घरात नाना म्हणत, ती तिथेच ऐकून कानाने उचलली होती आणि स्वरलिपीचा एकही ठिपका न ओळखता ते ती जेवणानंतर वाजवत असत. चाल पाच स्वरांची आहे, सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. आणि पहिल्या कडव्याच्या अखेरीस ती दोन वेळा नेमकी त्या खालच्या धैवतावर उतरते, जो बाजात नाही. भूपाला हंसध्वनीच्या घरी मुक्काम करावा लागला की जे व्हायचे तेच येथे व्हायला हवे होते, पण तक्त्याने कुरकूर न करता दोन्ही जागी 3 हा आकडा दिला.

तक्ताकाराने तो छापून, भिंतीला चिकटवून, एकेक आकडा फुंकत-ओढत चाल पार केली. स्वयंपाकघरातून मातोश्रींचा आवाज आला, “अगदी हे वाजवायचे तस्संच. शेवटाला तेच असं बसल्यासारखं.”

कौतुकाने शंका येणे हा संशोधकाचा धर्म असल्याने तक्ताकाराने फॉर्म्युला उघडला. व्हीलुकअप, म्हणजे एका कॉलममध्ये शोधून शेजारच्या कॉलममधले उत्तर आणणारे सूत्र, याला चौथी सूचना दिली नाही तर ते अचूक जुळणीचा आग्रह धरत नाही. हवा तो क्रमांक सापडला नाही की त्याच्या लगतचा लहान क्रमांक उचलते. धैवत 69, तो यादीत नाही, म्हणून 67, म्हणजे पंचम. तीन ठिकाणी पंचमच, आणि मग सा. नानांनीही धैवत न सापडल्याने जवळचा पंचम घेतला होता. तक्ताकार लहानपणापासून ती चाल तशीच जाणत होता, आणि तिचा शेवट उदास आहे असे समजत होता. चालीत तसे काही नाही.

सूत्र दुरुस्त झाले. चौथी सूचना भरताच दोन सेलांत लाल ‘#एन/ए’ उमटले, आणि त्यांच्या जागी बेंड लिहावा लागला, म्हणजे तिसरे भोक ओढताना जिभेची ठेवण बदलून निषाद एक पूर्ण स्वर खाली वाकवायचा, की धैवत मिळतो. आठवडाभर तिसऱ्या भोकातून पाणी संपत आलेल्या नळासारखा आवाज निघत राहिला. “आता काय बिघडलं?” मातोश्रींनी विचारले. अचूक झाले आहे, हे उत्तर त्यांना पटले नाही.

फाइलीत आता दोन शीट आहेत. पहिलीचे नाव ‘शुद्ध’. तीत सर्व रंग, सर्व बेंड आणि हंसध्वनीवरील एक तळटीप आहे. दुसरीचे नाव ‘नाना’. तीत चौथी सूचना मुद्दाम कोरी ठेवली आहे, आणि कुणी, विशेषतः स्वतः तक्ताकाराने, ती पुन्हा दुरुस्त करू नये म्हणून शीटला पासवर्ड घातला आहे, जो तक्ताकाराला आता आठवत नाही.