गळक्या गाडीचे काकाजी

पारशिवनीत आमच्या आळीत कुणाचा नळ ठिबकला, पंखा कुरकुरला किंवा फाटक करकरलं, की काकाजी पाना घेऊन हजर होतात. बोलवावं लागत नाही. निदान ठरलेलं असतं: ''ढिल्लं झालं बाप्पा. आवळा लागते.'' मग ते आवळतात. त्यांनी आवळलेल्या नळाखाली बादली भरायला घरातला तरणा माणूस लागतो. त्यांनी झाकण लावलेली लोणच्याची बरणी काकूंना उघडत नाही, म्हणून जेवायच्या वेळी काकाजींना घरीच थांबावं लागतं. पाहुण्यांच्या गाडीची चाकंही ते निरोपाआधी एकदा आवळून देतात. पुढं कुठं पंक्चर झालं की पाहुण्यांना काकाजींची फार आठवण येते.

अशा माणसाच्या अंगणात गळकी गाडी असावी, हा दैवाचा विनोद. गाडी म्हणजे पांढरी अ‍ॅम्बेसेडर, मार्क टू, सरकारी लिलावात घेतलेली. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सनं 2014 पर्यंत या गाड्या काढल्या. मूळ अवतार इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड. कारखाना बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशी काकाजी नीट जेवले नाहीत. बोनट उघडलं की ते आवाज खाली आणून म्हणतात, ''चौदाशे एकोणनव्वद सीसी. आजकालच्या गाडीत हात तरी जाते का आत? यात माणूस बसून राहील.'' आणि खरंच, अर्धे काकाजी आत असतात. येणारे-जाणारे उरलेल्या अर्ध्यांना नमस्कार करतात.

गळतीची त्यांनी प्रतवारी लावली आहे. नुसतं ओलसर दिसलं तर 'घाम'. बोट काळं झालं तर 'पाझर'. जमिनीवर ठिपका पडला तर 'थेंब'. 'धार' हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही. रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी चहाच्या आधी तो बाहेर ओढून उन्हात धरायचा, हा नेम. ठिपका बोटावर घेऊन चोळायचा, हुंगायचा. पातळ आणि काळं असलं तर इंजिनचं. घट्ट आणि नाकात उग्र दर्प बसला तर गिअरचं. एकदा दोन्हींत न बसणारा ठिपका सापडला. काकाजी चिंतेत पडले. तो काकूंनी रात्री फोडणीचं तेल सांडल्याचा निघाला. तेव्हापासून अंगणातल्या रांगोळीची हद्द आखून दिली आहे. गाडी त्या रेषेच्या आत आली तर काकू पुठ्ठा चुलीत घालतात.

माग काढण्याची त्यांची पद्धत मात्र अस्सल. पेंचच्या जंगलातला वनरक्षक वाघाचे ठसे पाहतो तसे ते ऑइलचे ओघळ पाहतात. ''थेंब पडते तिथून गळत नाही,'' हा सिद्धान्त. ऑइल उताराला लागतं आणि पंख्याची हवा त्याला मागं ढकलते. म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. त्यासाठी आधी रॉकेलनं इंजिन धुवायचं. मग फडक्यानं कोरडं करून प्रत्येक जोडावर पावडर भुरभुरायची. पावडर अर्थातच काकूंची. मग नवेगाव खैरीच्या धरणापर्यंत चक्कर मारून यायचं. बॅटरी घेऊन वाकायचं. पांढऱ्या पावडरीत जिथून काळी रेघ सुरू होते, तिथं चोर.

''माह्या पावडरीनं गाडी गोरी झाली,'' काकू ओसरीवरून म्हणतात, ''मी होती तशीच राहिली.''

चोर सापडायचाही. इंजिनच्या अंगाला टॅपेटची दोन पत्र्याची झाकणं असतात, आत कॉर्कचं पॅकिंग. तिथंच रेघ. काकाजी विजयी मुद्रेनं पाना लावायचे आणि ओठ दाबून आवळायचे. आठवडाभर बरं वाटायचं, की पुन्हा पुठ्ठ्यावर काळा ठिपका. मग आणखी आवळायचे. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशी गाठायचा आणि ऑइल पातळ व्हायचं तेव्हा, 'पाझर' बढती मिळून 'थेंब' व्हायचा. घोगरा महादेवाच्या दर्शनाला निघालेली मंडळी गाडीत बसून राहायची आणि काकाजी खाली उताणे. ''दोनच मिनिटं. आवळून घेतो.'' महादेवाला थांबायची सवय आहे, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी ऑइलचा खर्च पेट्रोलशी बरोबरी करू लागला, तेव्हा मिस्त्रीला बोलावणं गेलं. म्हातारा माणूस, हयात अ‍ॅम्बेसेडरखाली गेलेली. त्यानं पाना हातात घेतलाच नाही. आधी पुढच्या झाकणाची ब्रीदरची नळी काढली आणि तोंडानं फुंकून पाहिली. हवा जाईना. तार घातली, तर मातीची ढेकळं बाहेर आली. पावसाळ्यात गाडी उभी असताना कुंभारीण माशीनं आत घरटं केलं होतं.

''इंजिनले श्वास घेता येत नव्हता, काकाजी. आत दाब वाढला, मंग ऑइल वाट दिसंल तिथून निघते.''

मग त्यानं झाकण उघडून सपाट फरशीवर ठेवलं. ते फरशीवर डुगडुगलं. त्याला मधोमध एकच बोल्ट असतो. तो जोरात पिळला की मधला पत्रा आत दबतो आणि कडा उचलल्या जातात. ''तुमी आवळून आवळूनच गळवली हे.'' त्यानं लाकडावर ठेवून हलक्या हातानं कडा ठोकून सरळ केल्या, नवा कॉर्क बसवला आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवला. ''आता मनगट लावाचं नाही.'' काकाजींचे दोन्ही हात तेवढा वेळ पाठीमागं होते.

गळती थांबली. पूर्ण नाही, मागच्या बाजूनं अधूनमधून एक थेंब येतोच. या इंजिनच्या क्रँकला मागं रबरी सील नाही, नुसते उलटे आटे आहेत, जे फिरताना ऑइल आत ढकलतात. इंजिन थांबलं की तेही थांबतात. ही सवलत काकाजींनी उदार मनानं मान्य केली आहे. तो थेंब 'कंपनीचा'.

पण मिस्त्रीचा गुरुमंत्र त्यांनी फारच मनावर घेतला. हल्ली ते पाना घेऊन येतात आणि सगळं ढिलं करून जातात. ''काहून एवढं आवळलं बे? आधी श्वास कोंडला का ते पाहा!'' पुतण्याच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी हेच सांगितलं, आणि कधी नव्हे ती बोलणी बिनभांडणाची झाली. आमच्या आळीतले नळ मात्र आता सगळेच ठिबकतात.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर ब्रीदर आधी साफ करा, झाकण बोटांनी आवळा. आणि तुमच्या घरी काकाजी असतील, तर पाना कुलपात ठेवा. पण पावडरीचा डबा त्यांना वेगळा आणून द्या.